जुन्या गाडीची खटखट आणि सस्पेन्शनचे बुश: पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी

गाडीला दहा-बारा वर्षं झाली की सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर पुढून ‘खट’ असा आवाज यायला लागतो. गॅरेजवाला गाडी एकदा हलवून बघतो आणि सांगतो, “साहेब, सस्पेन्शनचं पूर्ण काम आहे.” पूर्ण म्हणजे काय विचारलं तर यादी येते: शॉकअप, माउंटिंग, लोअर आर्म, लिंक, बुश, रॅक. त्यातलं निम्मं बहुतेक वेळा ठीक असतं. आमच्या घरची २०१० सालची स्विफ्ट या सगळ्यातून गेली आहे. तेव्हा जे कुणी एका जागी नीट सांगितलं नव्हतं ते इथे लिहितोय. उदाहरणं मारुती, ह्युंदाई, टाटाच्या छोट्या गाड्यांची आहेत, पण तत्त्व सगळीकडे तेच.

आधी बुश म्हणजे काय ते डोक्यात बसू द्या, कारण पुढच्या बऱ्याच चुका हे न कळल्यामुळे होतात. बाहेर लोखंडी नळी, आत लहान लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं कोंबलेलं नसतं, दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या लोखंडी हातात, घट्ट बसते. आतली नळी बोल्टने गाडीच्या फ्रेमला आवळली जाते. चाक वर-खाली झालं की आतली नळी फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. म्हणजे इथे घासणारा भाग कुठलाच नाही, सगळी हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. एवढं लक्षात ठेवा, पायरी ७ मध्ये लागणार आहे.

१. आवाज नेमका कशाचा, ते आधी शोधा

बुश गेल्याच्या खुणा अशा: कमी वेगात खड्ड्यातून जाताना पुढून बोथट ठोका बसतो. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. हायवेवर स्टिअरिंग सतत थोडं-थोडं सावरावं लागतं. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना खालून ‘ठक’ होतं. टायर आतून खातो. पण यातली प्रत्येक खूण दुसऱ्या कशामुळेही येऊ शकते, म्हणून अंदाजावर पार्ट घेऊ नका. घरी करता येण्यासारख्या तपासण्या सांगतो.

पहिली ब्रेकची. आवाज येतो त्याच रस्त्यावर हळू जाताना ब्रेक पेडलवर पाय अगदी हलका ठेवा. खटखट थांबली तर ते बहुधा ब्रेक पॅड नाहीतर कॅलिपरच्या पिना आहेत, सस्पेन्शन नाही. फुकटात होणारी तपासणी, पण कुणी करत नाही.

दुसरी आर्मची. सपाट जागा, समोर मोकळं. एकाने गाडी सुरू करून ब्रेक धरायचा आणि क्लच अर्धवट सोडत आलटून पालटून पहिला आणि रिव्हर्स टाकायचा, गाडी पुढे-मागे ओढली जाईल इतपतच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून, चाकाच्या वाटेत न येता, टॉर्चने लोअर आर्मच्या मागच्या बुशकडे बघायचं. चांगला बुश किंचित दबतो. गेलेला असेल तर आर्मचं टोक चक्क सरकताना दिसतं.

तिसरी चाक उचलून. वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडच्या भागाशी जोडणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. मग कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. ९ आणि ३ च्या जागी हलवल्यावर प्ले दिसला तर टाय रॉड एंड किंवा रॅक, म्हणजे स्टिअरिंगचे जोड.

चौथी माउंटिंगची. गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडीच्या) वरच्या टोपीवर हात ठेवायचा. ‘टंग’ करून झटका हाताला लागला तर माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय.

मोठा लोखंडी बार आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घालून हळूच उचकटून बघणं ही मेकॅनिकची आवडती तपासणी. पण बारने नवीन बुशही थोडा हलतोच. हलणं म्हणजे खराब असं नाही. रबर नळीपासून सुटलंय का, आरपार फाटलंय का, आतली नळी मध्यावरून एका बाजूला गेलीय का, हे बघायचं. रबरावरच्या बारीक भेगा दाखवून “बघा, गेलाय” म्हणतात, त्यावर घाई करू नका. जुन्या रबरावर वरवरच्या भेगा असतात, त्या घेऊनही तो बुश बराच काळ चालतो. काही गाड्यांच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे काळसर ओघळ दिसला तर मात्र तो संपला.

स्टॅबिलायझर बार म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी दांडी. तिच्या टोकाच्या लिंकचा आवाज वेगळा, बारीक आणि कोरडा. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर कमी येतो, एकच चाक खड्ड्यात गेलं तर जास्त. पुण्यातल्या चेंबरच्या झाकणांवर हा फरक लगेच ऐकू येतो.

२. बुश घ्यायचा की पूर्ण आर्म?

छोट्या गाडीच्या पुढच्या बाजूला प्रत्येक लोअर आर्मला साधारण दोन बुश असतात. पुढचा आडवा, लहान. मागचा मोठा, बऱ्याच गाड्यांत उभा बसवलेला, आणि त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या. खड्डा लागला की चाक किंचित मागे जाऊ द्यायचं काम हा मागचा बुश करतो, म्हणून बहुतेक आधी तोच जातो. याशिवाय स्टॅबिलायझर बारचे दोन बुश, कमानीसारख्या पट्टीखाली बसणारे. मागे अक्सलचे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या बीमचे, बुश.

मारुती ८०० आणि जुन्या झेनवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांत स्टॅबिलायझर बारच लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. तिथे बारचे बुश गेले की नुसता आवाज येत नाही, ब्रेक मारताना चाक जागचं हलतं. ‘स्टॅबिलायझरचंच आहे, चालवा’ हा सल्ला या गाड्यांना लागू नाही.

आता पैशांचा हिशोब. सुटा बुश शेकड्यांत येतो, बॉल जॉइंट आणि दोन्ही बुशसकट तयार आर्म हजारांत. बुश स्वस्त दिसतो, पण त्यात प्रेस करायची मजुरी, जुना बुश काढताना आर्मला इजा होण्याची शक्यता आणि एक दिवसाची खोळंबलेली गाडी धरा. बॉल जॉइंटही ढिला असेल आणि तो आर्ममध्येच पक्का बसवलेला असेल तर सरळ पूर्ण आर्म घ्या. बॉल जॉइंट घट्ट असेल, त्याचं रबरी बूट फाटलेलं नसेल आणि आर्म मूळ कंपनीचा असेल तर बुश बदला. जुना मूळ आर्म आणि नवे चांगले बुश ही जोडी स्वस्तातल्या नव्या आर्मपेक्षा बरी, हे माझं पक्कं मत. स्वस्त आर्ममध्ये पत्रा बरा असतो, घात बुशच करतो.

डावा-उजवा दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक दमलेला असला की गाडी ओढते आणि अलाइनमेंटवाल्याला दोष जातो.

३. अपग्रेड म्हणजे पॉलियुरेथेनच का?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, कारण लाल-पिवळे पॉलियुरेथेन बुश दिसायला भारी आणि ‘आयुष्यभर टिकतील’ अशी जाहिरात. ते कडक असतात, तेलाने लवकर खराब होत नाहीत आणि वळणावर गाडी खरोखरच जास्त नेमकी वागते. पण ते रबरासारखे पिळले जात नाहीत. आतली नळी त्यांच्यात फिरते, म्हणजे घासते. घासतं तिथे ग्रीस लागतं, आणि तेही सिलिकॉनचं, साधं पिवळं ग्रीस नाही. पुण्यातली उन्हाळ्याची धूळ आणि चार महिन्यांचा चिखल त्या ग्रीसमध्ये गेला की बुश कुंईकुंई करतो. मग तो खोलून पुसून परत ग्रीस भरायचं. हौस असेल तर मजा आहे. मागच्या सीटवर आई-बाबा बसत असतील तर नाही.

आणि मागच्या मोठ्या बुशमधल्या पोकळ्या भरून काढल्या की प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमध्ये आणि तुमच्या मनगटात येतो. कर्वे रोड ते हडपसर एकदा असं जाऊन बघा.

म्हणून माझा सल्ला असा. आर्मचे बुश मूळ दर्जाच्या रबराचेच ठेवा. दमलेल्या गाडीला नवं चांगलं रबर हेच केवढं तरी अपग्रेड असतं, दहा वर्षांत आपण विसरलेलो असतो की गाडी मुळात कशी चालायची. फार तर स्टॅबिलायझर बारचे कमानीतले बुश पॉलियुरेथेनचे घ्या. तिथे कडकपणाने गाडीचं वळणावर झुकणं थोडं कमी होतं, आरामात फारसा फरक पडत नाही, आणि आवाज आलाच तर दोन बोल्ट काढून ग्रीस लावता येतं.

“स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकू का, गाडी एकदम उचलेल?” असंही काउंटरवर विचारतील. खाली बसलेल्या स्प्रिंगवर तो टेकू आहे. बुशच्या आजारावर त्याचा काही उपयोग नाही.

४. कागद आणि खरेदी

सोबत हे ठेवा:

- आरसी किंवा तिचा फोटो. चॅसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष त्यावर असतं. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी आर्म बदललेला असू शकतो, म्हणून “स्विफ्ट डिझेल” एवढ्यावर पार्ट मागू नका.
- जुन्या पार्टचे फोटो, बाजू आणि रबरावर कोरलेला नंबर दिसेल असे.
- आधीच्या सस्पेन्शन कामाचं बिल, असेल तर.

कंपनीच्या पार्ट काउंटरवर चॅसिस नंबरवरून नेमका पार्ट नंबर काढून देतात. खरेदी कुठेही करा, तो नंबर आधी मिळवा. तो हातात असला की पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत बोलणंच बदलतं. तिथे गाडी घेऊन जाऊ नका, दुचाकीवर जा, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. दुकानदार विचारेल, “कंपनीचा देऊ, का चांगला लोकल देऊ?” मधला एक प्रकार असतो, तो स्वतःहून सांगत नाहीत: गाडीच्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या उत्पादकाचाच माल, त्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यात. तो मिळाला तर उत्तम.

खोक्यावरच्या होलोग्रामवर विसंबू नका, बुश हातात घ्या. रबराची कडा एकसारखी हवी, नळीपासून कुठेही सुटलेली नको. आतली नळी बरोबर मध्यावर हवी. नखाने दाबल्यावर रबर परत वर आलं पाहिजे. वर्षानुवर्षं शेल्फवर पडलेला बुश दगडासारखा होतो, तो नवा असूनही जुनाच. नट-बोल्टही विचारा. आर्मचे आणि बॉल जॉइंटचे लॉक होणारे नट एकदा काढले की नवेच घालावेत.

अनेक जण विचारतात, याला आरटीओची परवानगी लागते का? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत असा बदल करू नका म्हणतं ज्यामुळे आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत फरक पडेल. बुश बदलल्याने आरसीवरचं काहीच बदलत नाही, ही दुरुस्ती आहे. मात्र गाडीला १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो, आणि नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी मिळते. गाडी ठेवायचीच असं ठरलं असेल तर हे काम त्या तपासणीच्या आधी उरका.

५. स्वतः करणार का?

स्टॅबिलायझरचे बुश आणि लिंक घरी होतात. लोअर आर्मही होतो, हात बसलेला असेल आणि सोबतीला कुणी असेल तर. मागच्या अक्सलचे बुश घरी काढू नका. अक्सल खाली उतरवावा लागतो, ब्रेकच्या पाइपांवर ताण येतो आणि बुश ओढायला खास पुलर लागतो.

लागणारी हत्यारं: गोटी पान्यांचा सेट १० ते २२ पर्यंत, लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरावीक जोर लावून आवळायचा पाना), हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, लांब बार, हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मोजपट्टी, मार्कर.

गाडीसोबत येणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. कुठल्याही जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये आणखी एक गोची असते, पेव्हर ब्लॉक. वाळूवर बसवलेले हे ब्लॉक स्टँडच्या पायाखाली एक-एक करून खचतात. खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. आणि सेक्रेटरींना आधी विचारा. पार्किंगमध्ये गाडी खोलल्याचा फोटो ग्रुपवर पडला की काम अर्ध्यातच राहतं.

गॅरेजला देणार असाल तरी पुढच्या पायऱ्या वाचा, कारण शेजारी उभं राहून काय बघायचं ते त्यात आहे.

६. जुना काढणे, नवा बसवणे

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, रिकामी उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि टेप लावून मडगार्डवरच लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण याच्यावाचून पायरी ७ अडते.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, मग गाडी उचला, स्टँड लावा, चाक काढा. बोल्टवर आदल्या रात्रीच स्प्रे मारलेला असेल तर बरं. पुण्यातच वाढलेल्या गाडीचे बोल्ट सहसा सुटतात. गाडी मुंबई-रत्नागिरीकडची असेल तर बोल्ट बुशच्या आतल्या नळीतच गंजून एकजीव झालेला असू शकतो. मग तो कापावा लागतो, म्हणून नवा बोल्ट आधीच आणून ठेवा.

बॉल जॉइंट नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात) आवळणारा बोल्ट पूर्ण बाहेर काढा, नुसता सैल करून चालत नाही. तो बॉल जॉइंटच्या दांडीवरच्या खाचेतून जातो. बार लावून आर्म खाली दाबला की दांडी सुटते. इथे एक सापळा आहे. आर्म सुटल्यावर नकल मोकळं होतं आणि बाहेर ओढलं जातं. ते फार बाहेर आलं तर चाक फिरवणाऱ्या पुढच्या ॲक्सलचा आतला जॉइंट निसटतो, आणि एका बुशचं काम ॲक्सलवर जातं. नकल तारेने स्ट्रटला बांधून ठेवा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही बघा.

सुटे बुश बदलणार असाल तर आर्म घेऊन प्रेसवाल्याकडे जा. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसी भागात आणि शहरातल्या बऱ्याच लेथवाल्यांकडे हायड्रॉलिक प्रेस असते. द्यायच्या आधी मागच्या बुशच्या पोकळ्या कुठल्या दिशेला आहेत ते आर्मवर मार्करने खूण करून ठेवा आणि फोटो काढा. बुश ९० अंशात फिरून बसला तर जिथे मऊ हवा तिथे कडक होतो. दिसायला सगळं ठीक, गाडी मात्र दगडासारखी चालते. बुश आत किती शिरलेला होता, तेही मोजून ठेवा.

जुना बुश काढायला काही जण गॅसने रबर जाळतात. धूर भयंकर, शिवाय आर्मचा पत्रा तापतो. रबर कापून बाहेरच्या नळीला हॅकसॉने आतून एक चीर द्या, ती सैल होऊन निघते. चीर आर्मपर्यंत जाऊ देऊ नका. नवा बसवताना दाब बाहेरच्या नळीवरच यायला हवा. आतल्या नळीवर प्रेस टेकवली तर रबराचा सांधा पहिल्याच दिवशी तुटतो. वंगण म्हणून साबणाचं पाणी. ऑइल किंवा ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं.

७. शेवटचा पाना गाडी चाकांवर असताना

पुण्यातल्या निम्म्या बुशांचं आयुष्य इथे संपतं, असं मला वाटतं. आकडेवारी नाही, गॅरेजांमध्ये उभं राहून बघितलेलं सांगतोय.

आपली गॅरेजं बहुतेक दोन खांबी लिफ्टवर गाडी उचलतात. त्यात चाकं हवेत लोंबतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. मेकॅनिक त्याच अवस्थेत गन (नट-बोल्ट आवळायचं मशीन) लावून बोल्ट आवळतो, आतली नळी तिथेच कायमची धरली जाते. मग गाडी खाली येते, वजन बसतं, आर्म वर जातो, आणि रबर पिळलेल्या फडक्यासारखं ताणून राहतं. गाडी उभी असतानासुद्धा. वर खड्डा लागला की आणखी पिळ. असा बुश वर्षभरात फाटतो, मग आपण म्हणतो, “रस्तेच तसे आहेत.”

बरोबर पद्धत: आर्मचे बोल्ट बोटाने, मग पान्याने फक्त टेकेपर्यंत लावा. गाडीचं वजन चाकांवर आणा, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून हलवा, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. पुढच्या आडव्या बुशला आणि मागच्या अक्सलच्या बुशला हे फार महत्त्वाचं. उभ्या बुशला तितकं नाही, पण सवय म्हणून तोही तसाच करा. बॉल जॉइंटचा बोल्ट मात्र हवेतच पूर्ण आवळायचा, तिथे रबर पिळण्याचा प्रश्न नसतो.

खाली शिरणार कसं? तीन मार्ग आहेत. खड्डा असलेलं गॅरेज. किंवा अलाइनमेंटचा प्लॅटफॉर्म, ज्यावर गाडी चाकांवरच उभी असते आणि खालून हात पोचतो. ओळखीच्या अलाइनमेंटवाल्याला आधीच सांगून ठेवलं तर तो पाच मिनिटं देतो, पण तिथपर्यंत बोल्ट पुरेसे आवळून आणि अगदी हळू जायचं. हेही नसेल तर घरीच, स्टँडवर, बॉल जॉइंटच्या खाली ट्रॉली जॅक लावून आर्म उचलत जा, मडगार्डवर लिहिलेलं अंतर परत येईपर्यंत. तेवढ्यावर बोल्ट आवळा. मधे गाडी स्टँडवरून उचलली जातेय का, यावर लक्ष ठेवा.

किती आवळायचं याचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. “हाताला अंदाज आहे” हे उत्तर सस्पेन्शनला चालत नाही.

मेकॅनिकला हे सांगताना सूर सांभाळा. “दादा, शेवटचं टायटिंग खाली उतरवून खड्ड्यावर घेऊया का, मी थांबतो,” एवढं पुरतं. वाद घातला तर तो मान डोलावतो आणि तुमची पाठ वळली की गन मारतो.

८. अलाइनमेंट

आर्म काढला की टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांचा आत-बाहेर असलेला कोन, बदलतोच, त्यामुळे अलाइनमेंट टाळू नका. टायरमधली हवा आधी बरोबर करून घ्या आणि सुरुवातीची आणि शेवटची अशी दोन्ही रीडिंगची प्रिंट मागा.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो ॲडजस्ट होतो. कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा कल) आणि कास्टर (बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) कंपनीने ठरवलेले असतात. तरीही “कॅम्बर आउट आहे, काढून देतो” म्हणत हायड्रॉलिक टूल लावून स्ट्रट किंवा नकल चक्क वाकवतात. नकार द्या. कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा ढिलं आहे, ते शोधून बदलायचं. ज्या मोठ्या गाड्यांत आर्मला कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलता येणारा बोल्ट) असतो, तिथे बोल्ट काढण्याआधीच त्याच्या मूळ जागेची मार्करने खूण करून ठेवलेली असली पाहिजे.

९. पहिले काही आठवडे

पहिली चक्कर ओळखीच्या, सपाट रस्त्यावर, ट्रॅफिक नसताना. ताशी ४० च्या आसपास सरळ रेषेत ब्रेक मारून बघा, गाडी ओढते का. मग तोच स्पीडब्रेकर, तोच खड्डा. सगळं ठीक वाटलं तरच दिवे घाट वगैरे. आठवडाभर चालवल्यावर बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा.

नव्या बुशने गाडी थोडी कडक वाटते, ते आपोआप बसतं. पण एखादा जुना आवाज आता जास्त ऐकू येऊ शकतो, कारण त्याच्यावरचा मोठा आवाज गेलेला असतो. लगेच गॅरेजवाल्याशी भांडू नका, पायरी १ पासून परत तपासा.

आणि वॉशिंग सेंटर. गाडी धुऊन झाली की पोरगा विचारतो, “साहेब, खालून ऑइल मारू का?” गंज लागू नये म्हणून डिझेल नाहीतर जुनं इंजिन ऑइल सगळ्या तळाला फवारायची आपल्याकडे रीत आहे. तळ काळाभोर चमकतो, आवाजही दोन दिवस बंद होतो, म्हणून लोक खुश असतात. रबर ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. “खालून फक्त पाणी, ऑइल नको” असं गाडी रॅम्पवर चढण्याआधीच सांगा. चढल्यावर सांगेपर्यंत फवारा सुरू झालेला असतो.